पोटाची मुदत

आमच्या लालबागच्या चाळीत टायफॉइडला कुणी टायफॉइड म्हणत नसे. ‘मुदतीचा ताप’ म्हणत. ठरलेले दिवस घेणार, त्याआधी कुणाचं ऐकणार नाही, असा ताप. लहानपणी त्या शब्दाची मला धडकी भरायची. आता सत्तावन्नाव्या वर्षी, घरातली चार मोठी पोटाची दुखणी काढून झाल्यावर वाटतं, त्या माणसांना नेमकं कळलं होतं. पोटाच्या प्रत्येक दुखण्याला त्याची मुदत असते. आपण मात्र हिशेब करतो तो रजेचा.

मी डॉक्टर नाही. परळच्या एका शाळेत पस्तीस वर्षं शिकवते आहे. वर्गातल्या मुलांच्या आया, शेजारणी, नात्यातल्या बायका मला विचारतात, ‘‘बाई, किती दिवसांत बरं वाटेल हो?’’ त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते.

१. ताप उतरला तरी आतडं आजारीच होतं

१९८१ चा पावसाळा. मी तेरा वर्षांची. आई गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. एका खोलीत आम्ही पाच जण आणि पंधरा माणसांचा स्वयंपाक, तोही तीन पाळ्यांचा. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत भाकऱ्यांची चवड तयार हवी. अशा खानावळवाल्या तेव्हा लालबाग-परळला चाळीचाळीतून होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी; आईनंही मंडळामार्फत बँकेचं कर्ज घेऊन मोठी पातेली आणली होती.

माझा ताप रोज थोडा थोडा वर चढत गेला. दुसऱ्या आठवड्यात रक्ताची विडाल तपासणी झाली आणि क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल सुरू झाल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला. कॅप्सूल चौदा दिवसांच्या लिहून दिल्या होत्या, आठव्या दिवशी घरच्यांनी थांबवल्या. औषध महाग होतं आणि पोरगी उठून बसली होती. मला मात्र अशी काही भूक लागायची की भाकरीच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. एका दुपारी आई नळावर गेलेली असताना मी टोपलीतली अर्धी भाकरी काढून सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर खाल्ली. दोन आठवड्यांनी ताप पुन्हा आला, पहिल्यापेक्षा जोरात.

‘‘मी टोपली उघडी टाकून गेले नसते तर,’’ असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘भाकरीनं टायफॉइड उलटत नाही. औषध अर्ध्यावर सोडलं, जंतू शिल्लक राहिले, म्हणून उलटला.’’ आई तोवर गेली होती. हे तिला सांगता आलं नाही, ही रुखरुख मला आजही आहे.

भाकरीनं दुसरा घात मात्र होऊ शकला असता. टायफॉइडमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागातले चट्टे सुजतात आणि त्यांच्या जखमा होतात. आजाराच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिथून रक्त जाऊ शकतं, आतड्याला भोकही पडू शकतं. ताप उतरलेला, भूक परतलेली, माणूस हिंडू-फिरू लागलेला, आणि आत जखम ओलीच, असे काही दिवस असतात. तेव्हा अचानक पोटात जोराची कळ आली, पोट लाकडासारखं घट्ट झालं किंवा शौचाला काळं किंवा लाल झालं, तर घरी बसायचं नाही.

पुढच्याच जानेवारीत, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. पंधराची दहा झाली, दहाची चार, आणि एक दिवस आईनं मोठी पातेली माळ्यावर टाकली. माझ्या दुखण्याची आठवण त्या शेवटच्या भरल्या चुलीशी जोडलेली आहे.

२. पेजेच्या पायऱ्या

दुसऱ्या खेपेला आईनं मला परत जेवणावर आणलं ते पायरीपायरीनं. आधी दोन दिवस भाताची निवळ, मिठाचे चार खडे घालून. मग उकड्या तांदळाची पेज. तांदूळ आधी पाट्यावर जरा भरडून घ्यायची म्हणजे कणी लवकर फुटते. पेज इतकी सैल की वाटी तिरकी केली की ओघळावी. मग मऊ भात, वर मेतकूट आणि चमचाभर तूप. त्यानंतर मुगाचं कढण. मग भाकरीचा नुसता वरचा पापुद्रा. आणि सगळ्यात शेवटी मुडदुशीचं पातळ कालवण, तिखट नावापुरतं. मुडदुशी ही आम्हा कोकणातल्या माणसांची आजाऱ्याची आणि बाळंतिणीची मासळी, पचायला हलकी. प्रत्येक पायरीवर दोन-तीन जेवणं. पोट कुरकुरलं की एक पायरी खाली.

आयुर्वेदात याला ‘संसर्जन क्रम’ म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. वमन-विरेचनानं पोट साफ केल्यावर माणसाला एकदम ताटावर बसवायचं नाही. पेया, मग विलेपी, मग यूष, मग मांसरस अशा क्रमानं आठवडाभरात नेहमीच्या जेवणावर आणायचं. वाचता वाचता मी बोटं मोजली. पेया म्हणजे पेज, विलेपी म्हणजे मऊ भात, यूष म्हणजे मुगाचं कढण आणि मांसरसाच्या जागी मुडदुशी. आईची शाळा चौथीत सुटलेली. तिच्यापर्यंत हा क्रम कुठल्या आजीपणजीच्या हातून आला असेल कोण जाणे.

एवढंच सांगते, की यातली उपासमार उचलू नका. पूर्वी तापकऱ्याला आठवडा आठवडा उपाशी ठेवत. आज डॉक्टर तसं ठेवत नाहीत आणि ठेवूही नये. आतड्याला आपली जखम भरायला अन्नच लागतं. मऊ द्या, थोडं थोडं द्या, पण द्या.

३. एक पुडी, एक लिटर

२०११ च्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. रात्री दोनला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि सकाळी सातपर्यंत माझी बोटं सुरकुतली. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी ओआरएस चुकीचं देत आले होते. ‘थोडंसंच पिणार आहे’ म्हणून अर्धी पुडी पेल्यात ढवळायची आणि उरलेली रबर लावून ठेवायची.

प्रमाणित पुडीत साडेवीस ग्रॅम असतात: साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, बाकी मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट. हे सगळं एक लिटर पाण्यासाठीच मोजलेलं आहे. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत शिरताना सोबत सोडियम घेऊन जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडंच असतं. प्रमाण चुकलं की ते साधत नाही. जास्त गोड झालं तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं, म्हणून शीतपेयं आणि डब्यातली सरबतं या कामाची नाहीत. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजलं आणि हजारो जीव वाचवले. आमच्या घरी आता लिटरची एक बाटली खूण करून वेगळी ठेवलेली आहे. पुडी लहान असेल तर तिच्यावर लिहिलेलं पाण्याचं माप बघायचं. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं. उलटी होत असेल तर दर मिनिटाला चमचा चमचा.

४. दुधाचा चहा

जुलाब थांबून चार दिवस झाले, तरी सकाळचा चहा घेतला की पोटात गुडगुड आणि पुन्हा धाव. मला वाटलं आजार परतला. तसं नव्हतं. आतड्याच्या आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं येतं, पण दुधातली साखर पचवणारा पाचकरस त्या अस्तराच्या अगदी टोकावर तयार होतो आणि तो पुरता परत यायला काही वेळा दोन-चार आठवडे लागतात. तेवढे दिवस दूध, बासुंदी, पेढे बाजूला ठेवायचे. ताक बहुतेकांना चालतं. दुखणं संपलेलं असतं, फक्त शेवटची डागडुजी उरलेली असते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र यासाठी कधीही तोडू नये.

५. रिपोर्ट नॉर्मल होता, मी नव्हते

त्या जूनच्या दुखण्याला मला सात दिवसांची रजा मिळाली आणि आठव्या दिवशी फिटनेस सर्टिफिकेट. कागदावर मी बरी झाले. प्रत्यक्षात पुढचे चौदा महिने माझं पोट माझं राहिलं नाही.

सकाळी उठल्या उठल्या कळ यायची. एकदा जाऊन समाधान नाही, तीनदा जावं लागायचं. सासरच्या, गिरगावच्या चाळीत तेव्हा मजल्याच्या टोकाला सामाईक संडास होते, बारा बिऱ्हाडांत चार. हातात बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, घरी परतायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा त्याच रांगेत जायचं. कुणी काही बोलत नसे, पण बायका मागे सरून मला पुढे घालू लागल्या. त्या चांगुलपणानंही मला रडू यायचं. चर्नी रोड ते एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी, हा दोन्ही टोकं धरून मोजून सहा स्टेशनांचा प्रवास. कुठल्या स्टेशनावरचं बायकांचं शौचालय सकाळी उघडं असतं आणि ते पुलाच्या कुठल्या अंगाला आहे, हे मला तोंडपाठ झालं होतं. सकाळी काही न खाता निघायचे. शाळेत पहिल्या तासाला मुलांना काही लिहायला देऊन मी दाराजवळच उभी राहायचे.

रक्त, शौच, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं झालं. सगळं नॉर्मल. ‘काही नाहीये’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मलाच शंका येऊ लागली, आपण नाटक तर करत नाही ना. शेवटी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी वही पुढे ओढून मला चित्र काढून दाखवलं. जोराचा संसर्ग होऊन गेल्यावर साधारण दहातल्या एका माणसाचं आतडं हळवं होऊन बसतं. जंतू गेलेले असतात, जखमही भरलेली असते, पण आतड्याच्या नसा साध्या वायूलाही कळ समजतात. त्याला आयबीएस म्हणतात. कुणाला सहा महिने लागतात, कुणाला काही वर्षं. बऱ्याच जणांचं हळूहळू निवळतं. ‘‘तुम्हाला होतंय ते खरं आहे,’’ असं त्या म्हणाल्या. त्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा पूर्ण रात्र झोपले.

मग वही घातली. काय खाल्लं, किती वाजता, काय झालं. महिनाभरानं दिसलं की मी ज्याला दोष देत होते त्या वांगी-हरभऱ्याचा वाटा थोडाच होता. घाईचा आणि उपाशीपोटी घेतलेल्या दोन कप चहाचा वाटा मोठा होता. अर्धा तास आधी उठायला लागले, चहाच्या आधी मऊ भात किंवा पोह्यांची पेज घेऊ लागले, संध्याकाळी चौपाटीवर चालायला जाऊ लागले. एका दिवसात काही घडलं नाही. आठवड्यातले वाईट दिवस पाचाचे चार झाले, चाराचे दोन. पुढच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी लोअर परळ गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की आज मी एकही स्टेशन मोजलेलं नाही.

६. आजार जिथे सुरू झाला असं वाटतं, त्याच्या फार आधी तो सुरू झालेला असतो

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. गिरगावात बसून आम्हाला काही कल्पनाच आली नाही. यांचं ऑफिस तेव्हा अंधेरीला. संध्याकाळी निघालेले दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, छातीभर पाण्यातून चालत. वाटेत कलिन्याला, कुर्ल्याला लोकांनी हाक मारून मारून चहा, बिस्किटं, पाणी दिलं होतं. त्या माणसांचे उपकार आम्ही विसरलो नाही. पण त्या रात्री कुठलं पाणी स्वच्छ राहिलं होतं, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आठवडा गेला, दोन गेले. सर्दीसुद्धा झाली नाही. आम्ही देवाला नारळ फोडला. आणि सहा आठवड्यांनी, गणपतीच्या तोंडावर, यांची अन्नावरची वासना गेली, ताप आला, लघवी गर्द झाली आणि आरशात डोळे पिवळे दिसले. तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. पाण्यातून येणारी ही कावीळ शरीरात शिरल्यापासून दोन ते दहा आठवड्यांत कधीही डोकं वर काढते. आम्ही आदल्या दिवशीच्या वडापावला नावं ठेवत होतो; खरी तारीख दीड महिना मागची होती. म्हणून पोटाचं काही निघालं की मी आता कॅलेंडर मागे उलटते. गेल्या दोन महिन्यांत कुठे गेलो, कुठलं पाणी प्यालो. चाळीच्या नळाला पाणी ठरावीक तास येतं. ते बंद असताना नळातला दाब जातो आणि जिथे नळ झिरपतो तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. तेव्हापासून पहाटे नळ सुटला की पहिली दहा मिनिटं भांडी-फरशीला आणि त्यानंतरचं पाणी प्यायला, तेही उकळून, असा आमच्या घरचा नियम आहे.

त्या वेळी माझी नणंद सात महिन्यांची गरोदर होती आणि गणपतीला आमच्याकडेच यायची होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, येऊ देऊ नका. ही कावीळ एरवी आपोआप बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावतात. सासूबाईंना ते फार लागलं, लेक माहेरच्या गणपतीला नाही म्हणून. दीड दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये नातू झाला तेव्हा माझा हात धरून बसून राहिल्या.

७. कावीळ उतरवणारे

नात्यातल्या एकांनी फार आग्रह करून यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. हाताला काही चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले, पाणी पिवळंधमक झालं. तीन वाऱ्या झाल्या. तिसऱ्या वारीच्या सुमारास डोळे निवळले आणि श्रेय त्याला मिळालं. ते श्रेय मुदतीचं होतं. हा आजार बहुतेकांचा चार ते सहा आठवड्यांत उतरणारच असतो. पाणी पिवळं होतं ते झाडपाल्याच्या रसाची आणि चुन्याची गाठ पडून. मला राग येतो तो याच्यासाठी, की ज्याची कावीळ वाढत चाललेली असते, ज्याला भ्रम होऊ लागतो, झोपेतून उठवत नाही, तोही माणूस याच वाऱ्यांत दिवस घालवतो.

आणि उसाचा रस. काविळीवर उसाचा रस चांगला म्हणून रस्त्यावरच्या चरकावरचा, बर्फ घातलेला ग्लास आणून पाजतात. ज्या पाण्यानं आजार आला तेच पुन्हा पोटात. साखर हवी तर घरी लिंबाचं सरबत करा. तेल-तूप-हळद वर्ज्य, नुसतं उकडलेलं खा, असंही कुणी डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. पचेल ते, पोटभर, असंच सांगितलं होतं. दारूचा थेंब नाही आणि विचारल्याशिवाय एकही गोळी नाही, अगदी तापाचीसुद्धा. बिलिरुबिन पाच आठवड्यांत खाली आलं, पण तिसरा जिना चढताना यांना दिवाळीपर्यंत कठडा धरावा लागत होता.

८. अंगावर काढायचं कुठवर

इथे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता, २०१८. फेब्रुवारीपासून जेवल्यावर पोट दुखतं म्हणायचा. घरात पोटदुखीचा इतका अनुभव, की मीच निदान केलं: माझ्यासारखंच हळवं पोट, परीक्षेचं दडपण. ओवा दिला, हिंग दिला. जवळच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, महिनाभर बरं वाटलं. जूनमध्ये त्याची पँट पट्ट्यानं धरेना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. उजव्या बाजूला खाली एक गोळा सरकतो आणि मग गुर्रकन आवाज होऊन मोकळं होतं, असं तो सांगायचा आणि मी त्याला वायू म्हणायचे. वजन अठ्ठावन्नचं सत्तेचाळीस झालं तेव्हा सप्टेंबर उजाडत होता.

केईएम रुग्णालयात दुर्बिणीनं आतडं पाहिलं. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तिथे व्रण होते आणि वाट अरुंद झाली होती. तुकडा तपासून निदान झालं: आतड्याचा क्षय. क्षय फुप्फुसाचाच असतो असं मी तोपर्यंत समजत होते. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी समजावली. क्रोन्स नावाचा आतड्याचा एक आजार दिसायला अगदी असाच असतो आणि त्यावर स्टेरॉइड देतात. क्षयाच्या रोग्याला चुकून ती मिळाली तर क्षय पसरतो. म्हणून तुकडा न तपासता, अंदाजानं काही सुरू करायचं नसतं.

पोटाच्या बहुतेक तक्रारी मुदत देऊन बघण्यासारख्या असतात, हे मी वर लिहिलंच. पण वजन आपोआप उतरणं, रोज संध्याकाळचा बारीक ताप, शौचात रक्त, झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, गिळताना अडकणं, फिकटपणा, चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्यानं पडलेला फरक, यांतलं एकही असेल तर त्याला मुदत द्यायची नाही. मी सात महिने दिली.

९. खाडा

१० सप्टेंबर २०१८, सोमवार. तीन दिवसांवर गणपती. त्या दिवशी पहिल्या गोळ्या घेतल्या. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय असतं आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. त्याच चौकटींत मी गोळ्यांची खूण करायला लागले, लाल पेन्सिलीनं. एकशे अडुसष्ट दिवस. रोज, उपाशीपोटी, वजनावर ठरलेल्या तेवढ्या गोळ्या, सगळ्या एकदम. औषध सरकारी केंद्रातून फुकट मिळालं. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सुरू झालेल्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला पाचशे रुपये त्याच्या खात्यात आले; ते आता हजार झाले आहेत. त्यात आम्ही अंडी आणि शेंगदाणे आणायचो.

पहिल्या सकाळी लघवी नारिंगी झाली आणि तो घाबरून बाहेर आला. आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते औषधाच्या रंगानं होतं, त्यात काळजी नाही. काळजी करायची ती डोळे पिवळे झाले, अन्न बघवेनासं झालं, तर. कारण याच गोळ्या यकृताला त्रास देऊ शकतात, म्हणून मधून मधून रक्त तपासत होते. पहिले तीन आठवडे गोळ्या घेतल्या की मळमळायचं. सहा आठवड्यांत ताप गेला, कळ गेली. दोन महिने झाले तेव्हा तो म्हणाला, ‘‘आई, मला आता काही होत नाही. अजून किती?’’

ते ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आठव्या दिवशी थांबवलेल्या कॅप्सूल आल्या. व्रण दोन महिन्यांत भरत येतात, पण आत दडलेले जंतू मरायला सहा महिने लागतात. मी त्याला १९८१ ची गोष्ट सांगितली, आजीच्या टोपलीसकट. त्यानं काही न बोलता पेन्सिल घेतली आणि पुढचे चार महिने खूण तोच करत गेला. एकही खाडा नाही.

फुप्फुसात काही नसल्यामुळे त्याच्यापासून कुणाला लागण होणार नव्हती, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी मजल्यावर सगळ्यांना सांगितलं. तरी एका घरी त्याच्या चहाचा कप वेगळा निघाला. तो कप त्यानं विसळून पालथा ठेवला, घरी आला आणि पुन्हा त्या घरात गेला नाही. अशा वेळी आजाऱ्याच्या बाजूनं घरच्यांनी मोठ्यानं बोलायला हवं. मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

१०. औषधाची मुदत आणि अंगाची मुदत

२४ फेब्रुवारी २०१९ ला शेवटच्या गोळ्या झाल्या. मी श्रीखंड आणलं होतं. त्याचं वजन तेव्हा त्रेपन्न. मार्चमध्ये पुन्हा दुर्बीण झाली: व्रण पूर्ण भरलेले, पण भरताना आतड्याची तेवढी जागा जरा आवळून राहिलेली. शस्त्रक्रिया लागली नाही. चोथ्याचं खाताना जपायचं, पोट फुगून उलट्या झाल्या तर तडक यायचं, असं सांगितलं. कागदावर ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का बसला. जिने मात्र तो अजून सावकाशच चढत होता.

कॅलेंडरवरच्या खुणा थांबल्या, वजन लिहिणं आम्ही चालू ठेवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चौकटीच्या कोपऱ्यात. एप्रिल चौपन्न, जून पंचावन्न, जुलैही पंचावन्नच. ऑक्टोबर २०१९ च्या पानावर, दिवाळीच्या महिन्यात, त्याच्या अक्षरात ५८ लिहिलेलं आहे आणि त्याभोवती लाल गोल आहे. तेवढं एक पान मी रद्दीत जाऊ दिलं नाही.

उन्हाळ्यात मी फणसाची भाजी करते तेव्हा त्याच्यासाठी कोवळी कुयरी निवडून, रेषा काढून, वेगळ्या पातेल्यात गळेपर्यंत शिजवते. आईच्या खानावळीतल्या पातेल्यांपैकी तेवढं एकच आता माझ्याकडे आहे.